एक्स-सूट वापरून बघितलं: सांगलीत बसून डायनॅमिक अपर्चर काढायचं असेल तर

आधी मार्क सांगून टाकतो, ५ पैकी ४.५. अर्धा कशाचा कापलाय ते खाली येईलच, पण एमएस्सी फिजिक्सच्या पोरांना प्रोजेक्ट द्यायचाय किंवा स्वतःलाच ॲक्सलरेटर फिजिक्सची आवड आहे आणि जवळपास मशीन नाही, लॅब नाही, विचारायला माणूस नाही, अशा प्रत्येकानं हे ॲक्सलरेटरच्या रिंगमध्ये कण फिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर एकदा लॅपटॉपवर टाकून बघाच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लोकांनी बनवलंय आणि एलएचसीचा, म्हणजे त्यांच्या प्रोटॉन आदळवणाऱ्या प्रचंड रिंगचा, अभ्यास करायला ते स्वतः हेच वापरतात. जिनिव्हात चालणारं जसंच्या तसं विश्रामबागेतल्या लॅपटॉपवर चालतं, यात कापूनछाटून दिलेली स्टुडंट एडिशन वगैरे भानगड नाही. मी सांगलीत शिकवतो, आमच्याकडं पोरं जत, तासगाव, कवठे महांकाळ कुठून कुठून येतात, त्यांच्या हातात खऱ्या संशोधनाचं हत्यार फुकट देता येतंय ही माझ्या दृष्टीनं लई मोठी गोष्ट आहे.

तर एक्स-सूट म्हणजे पायथनच्या पॅकेजेसचा संच. एक्स-ट्रॅक कणांना रिंगमधून फेरीमागून फेरी फिरवतं, एक्स-पार्ट कणांचा गुच्छ तयार करून देतं, एक्स-फील्ड्स बीमच्या, म्हणजे कणांच्या झोताच्या, स्वतःच्या चार्जमुळं होणारे परिणाम बघतं, आणखी एकदोन आहेत. याआधी सर्नमध्ये हे काम मुख्यतः सिक्सट्रॅक करायचं, फोरट्रानमधलं, त्याचं मूळ जर्मनीतल्या डेझी संस्थेच्या रेसट्रॅक नावाच्या प्रोग्राममध्ये. हेच सिक्सट्रॅक २००४ मध्ये एलएचसी ॲट होम या नावानं जगभरातल्या लोकांच्या घरच्या पीसीवर चालायला लागलं, तुमचा पीसी रिकामा असला की तो ६० कण घ्यायचा, त्यांना १ लाख फेऱ्या मारायला लावायचा आणि उत्तर परत पाठवायचा. वेगवेगळ्या कंपनीच्या प्रोसेसरवर शेवटच्या बिटपर्यंत तेच उत्तर यावं म्हणून त्यांनी साइन-कोसाइनसुद्धा काढायला वेगळी लायब्ररी लावली होती. एवढी काळजी कशाला? कारण हे गणितच असं आहे की सोळाव्या दशांश स्थळावरचा फरक लाखभर फेऱ्यांनंतर कणाला वाचवू शकतो किंवा घालवू शकतो.

ज्यांना डायनॅमिक अपर्चर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जत्रेत मौत का कुआं बघितलाय ना, गाडी भिंतीवर गरागरा फिरते, जरा इकडंतिकडं डगमगली तरी सावरते, पण एका हद्दीच्या पलीकडं डगमगली की भिंत पुढं शिल्लक असूनही माणूस खाली येतो. ती हद्द म्हणजे डायनॅमिक अपर्चर. बीम पाइपची रुंदी वेगळी, ती नुसती भौतिक जागा झाली. कण प्रत्यक्षात किती लांबून फिरत राहू शकतो हे चुंबकांच्या अरेषीय बलावर ठरतं. आणि हे अरेषीय बल आपणच घातलेलं असतं, कारण क्वाड्रुपोल चुंबक कमीजास्त ऊर्जेच्या कणांना वेगवेगळं फोकस करतो, त्याला क्रोमॅटिसिटी म्हणतात, ती दुरुस्त करायला सेक्स्टुपोल लावावेच लागतात, आणि सेक्स्टुपोलचा धक्का अंतराच्या वर्गानं वाढतो. मधोमध असलेल्या कणाला काही जाणवत नाही, कडेच्याची वाट लागते. शिवाय चुंबक बनवताना राहिलेल्या बारीक चुका वेगळ्याच.

एलएचसीचंच घ्या. २६,६५९ मीटरची रिंग, प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. म्हणजे कॉम्प्युटरवर १ लाख फेऱ्या केल्या तर मशीनचे फक्त ९ सेकंद होतात, १० लाख केल्या तरी ८९ सेकंद. आणि खरा बीम ४५० जीईव्ही ऊर्जेवर भरला जात असताना कितीतरी मिनिटं तिथंच फिरत असतो. डिझाइनच्या वेळी त्यांनी लक्ष्य धरलं होतं १ लाख फेऱ्यांना १२ सिग्मा (सिग्मा म्हणजे बीमच्या जाडीचं माप), इतकं मार्जिन ठेवायचं कारण हेच की सिम्युलेशन मशीनच्या वेळेपर्यंत पोचतच नाही. यातली आपल्या अभिमानाची गोष्ट म्हणजे एलएचसीच्या डायपोलच्या (कणांना वळवणाऱ्या चुंबकांच्या) टोकाला जे छोटे सेक्स्टुपोल आणि डेकापोल करेक्टर बसवलेत, डायपोलची चूक जागच्या जागी मारून डायनॅमिक अपर्चर वाचवायला, त्यातले बरेच भारतातून गेलेत, इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन संस्थेमार्फत. पोरांना हे सांगितलं की प्रोजेक्टकडं बघायची नजरच बदलते.

आता वापरायला कसं आहे ते बोलू. लिनक्सवर पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवायच्या साधनानं, एका ओळीत बसतं. विंडोज असेल तर सरळ डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाका आणि त्यात बसवा, आमच्या निम्म्या पोरांकडं विंडोजच आहे आणि सगळ्यांचं असंच चालतं. सी कंपायलर आधी टाकून ठेवा, कारण एक्स-सूट वरवर पायथन दिसत असलं तरी आतून सी कोड तयार करून घेतं, त्यामुळं कधीकधी पहिल्यांदा ट्रॅक चालवलं की स्क्रीन गप्प बसते, काही होत नाही असं वाटून लोक बंद करतात. थांबा जरा. कंपाइल होत असतंय. एकदा झालं की मग पळतंय बघा.

लिहायला एकदम सोपं. लाइन तयार करायची म्हणजे ड्रिफ्ट, डायपोल, क्वाड्रुपोल, सेक्स्टुपोल ओळीनं मांडायचे, ट्विस म्हणायचं (रिंगचं ऑप्टिक्स काढायची आज्ञा), ट्यून (कण एका फेरीत किती वेळा डोलतो), बीटा (बीमची जाडी कुठं किती हे ठरवणारा आकडा), क्रोमॅटिसिटी सगळं समोर. जुन्या मॅड-एक्सच्या (सर्नचाच ऑप्टिक्सचा प्रोग्राम) फाइल असतील तर त्याही आत घेता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, रिंगमध्ये कणांना ऊर्जा देणारी आरएफ कॅव्हिटी घातली नसेल तर ट्विसला ४डी पद्धत (फक्त आडव्या-उभ्या हालचालीचं गणित) सांगावी लागते, नाहीतर लांबलचक एरर येतो आणि त्या एररमधून नवीन माणसाला काडीचाही बोध होत नाही. अर्ध्या मार्कातला पाव इथं गेला.

शिकवायला आम्ही इंदूरच्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन रिंगच्या धर्तीवर एक साधी रिंग घेतो. हुबेहूब ती नव्हे, पण सांगाडा तोच: २.५ जीईव्ही, १७२.४७ मीटर परिघ, एकसारखे ८ सेल, १६ डायपोल, प्रत्येकी २२.५ अंश वळवणारे, वळणाची त्रिज्या ५.५५ मीटर. ही रिंग घ्यायचं कारण असं की पोरांना हातानं ताळा घेता येतो. इलेक्ट्रॉन एका फेरीत किती ऊर्जा गमावतो याचं सूत्र सोपं आहे, ८८.५ गुणिले जीईव्हीमधल्या ऊर्जेचा चौथा घात भागिले त्रिज्या, उत्तर सुमारे ६२३ केईव्ही. मग एक्स-सूटमध्ये रेडिएशन चालू करून ट्विसला विचारायचं. दोन्ही आकडे जुळले की मॉडेलवर पाय ठेवायला हरकत नाही, नाही जुळले तर पुढं जाऊच नये, आधी डायपोल तपासायचे. लहान रिंगमध्ये डायपोलचं मॉडेल पण बघून निवडा, एलएचसीसारख्या प्रचंड त्रिज्येच्या रिंगला जे अंदाज चालतात ते ५ मीटरच्या वळणाला चालतीलच असं नाही, एक्स-सूटमध्ये पूर्ण अचूक मॉडेल आहे, तेच लावा.

याच रिंगवर परवा एक प्रकार झाला तो सविस्तर सांगतो, कारण माझं या सॉफ्टवेअरबद्दलचं सगळं मत त्यात आहे. जतचा एक पोरगा आहे आमचा, हुशार आहे, त्याला मी आडवी ट्यून हळूहळू ९.३३३ कडं न्यायला सांगितली होती. पुस्तकात काय असतं, सेक्स्टुपोल आणि ट्यूनचा अपूर्णांक एक तृतीयांश म्हणजे तिसऱ्या ऑर्डरचा रेझोनन्स, फेज स्पेसमधल्या (कणाची जागा आणि कोन यांच्या आलेखातल्या) गोल रेषांचा त्रिकोण होतो, त्रिकोण आक्रसत जातो आणि कण तीन कोपऱ्यांतून बाहेर पळतात.

"सर, त्रिकोण येतच नाही ओ. रेषा आहे तशा आहेत."

"ट्यून किती ठेवलीस?"

"९.३३२. सेक्स्टुपोल चालू आहेत, चेक केलं."

"आता एकाच सेलमधला एकच सेक्स्टुपोल ५ टक्क्यांनी कमी कर आणि परत चालव."

त्यानं केलं, आणि मधोमध असा स्वच्छ त्रिकोण उमटला की शेजारच्या टेबलावरची पोरं उठून बघायला आली. कारण असं: ९.३३३ ची तिप्पट २८. रिंगमध्ये हुबेहूब सारखे ८ सेल असतील तर तिसऱ्या ऑर्डरचा रेझोनन्स तेव्हाच पेटतो जेव्हा तो पूर्णांक ८ च्या पाढ्यात असतो, २४ किंवा ३२. २८ त्यात बसत नाही, ८ सेलचे धक्के एकमेकांना मारून टाकतात. एका सेलमध्ये जरा खोट आली की सिमेट्री मोडली आणि दबलेला रेझोनन्स जागा झाला. खऱ्या मशीनमध्ये खोट असतेच, आठ सेल कोणीही हुबेहूब सारखे बनवू शकत नाही. म्हणून आदर्श रिंगचं डायनॅमिक अपर्चर काढून कोणी भलंमोठं सुंदर चित्र दाखवत असेल तर ते चित्र मशीनबद्दल काही सांगत नाही. चुंबकांच्या चुका रँडम पद्धतीनं घाला, एक सीड (रँडम चुकांचा एक संच) नको, अनेक घ्या, एलएचसीच्या अभ्यासात ६० सीड घ्यायची पद्धत आहे, आणि त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर किती ते बघा, सरासरीच्या मागं लागू नका.

एक्स-सूट हे सगळं करू देतं, पण ते तुम्हाला टोकत नाही. तुम्ही चुका घातल्या नाहीत तरी ते मुकाट्यानं सुंदर चित्र काढून देईल. हा त्याचा दोष म्हणत नाही मी, पण ज्यांना शिकवायचंय त्यांनी ही जबाबदारी स्वतःकडं घ्यावी.

प्रत्यक्ष डायनॅमिक अपर्चर काढताना दोन ठिकाणी फार जपायचं. एक म्हणजे ट्रॅकिंग झाल्यावर मेलेले कण यादीच्या शेवटी सरकवलेले असतात, वेग मिळावा म्हणून तसं केलंय, पण तुम्ही सुरुवातीच्या यादीशी तसंच जुळवायला गेलात तर एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर लागतं आणि चित्र तरीही बऱ्यापैकी खरं वाटतं, तीच खरी भीती. प्रत्येक कणाला आयडी असतो, त्यावरून परत क्रम लावायचा, त्यासाठी सॉर्टची सोय दिलेली आहे. दुसरं म्हणजे तुम्ही कुठंच अपर्चर दिलं नाही तर कण मध्यापासून १ मीटर लांब जाईपर्यंत तो जिवंतच धरला जातो. पाइप आपला काही सेंटिमीटरचा! खरी पाइप घाला किंवा निदान ती हद्द कमी करा.

आणि डायनॅमिक अपर्चरची कड कधीच गुळगुळीत नसते. आतला कण मेला आणि त्याच्या बाहेरचा जगला असं सर्रास दिसतं, मध्ये स्थिर बेटं असतात. अशा वेळी मी पोरांना एकच नियम दिलाय, मध्यापासून निघणाऱ्या प्रत्येक कोनाच्या रेषेवर आतून बाहेर यायचं आणि पहिला मेलेला कण जिथं भेटेल तिथंच रेघ मारायची, पुढच्या जिवंत कणांचा मोह धरायचा नाही.

किती फेऱ्या फिरवायच्या हा प्रश्न सगळे विचारतात आणि १,००० फेऱ्या पुरतात असं कुठंतरी वाचून येतात. रिंगवर अवलंबून आहे. आमच्या रिंगमध्ये एक फेरी ०.५७५ मायक्रोसेकंदाची, २.५ जीईव्हीला आडवं डॅम्पिंग (रेडिएशनमुळं कणाचं डोलणं आपोआप विझत जाणं) साधारण साडेचार मिलिसेकंदात होतं, म्हणजे सुमारे ८,००० फेऱ्या. तेवढ्या फिरवल्या की कण आपोआप आत यायला लागतो, पुढं फार ताणायची गरज नाही. पण इंडस-२ मध्ये बीम भरला जातो ५५० एमईव्हीला! डॅम्पिंगचा वेळ ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तिथं तो ९० पटीहून जास्त, फेऱ्यांचा हिशोब सात लाखांच्या वर जातो. एकच रिंग, एकच सॉफ्टवेअर, पण भरतानाचा अभ्यास आणि चालवतानाचा अभ्यास यात आभाळ-जमिनीचा फरक. प्रोटॉनला तर असा आधारच नाही, ४५० जीईव्हीला डॅम्पिंग नसल्यातच जमा.

लांबच्या ट्रॅकिंगला आमची पद्धत सांगतो. १०-१० हजार फेऱ्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यानंतर कणांची स्थिती फाइलमध्ये सेव्ह करायची, एक्स-सूटमध्ये कणांची डिक्शनरी करून जेसनमध्ये टाकता येते, आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलायचं. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, लॅपटॉपची बॅटरी जुनी असते, रात्रभर चाललेला जॉब पहाटे गेला तर पोरगं रडकुंडीला येतंय. तुकडे केले की तो प्रश्नच मिटला. प्रत्येक फेरीची नोंद मात्र सगळ्या कणांची ठेवू नका, १,००० कण, १ लाख फेऱ्या, ६ आकडे, प्रत्येकी ८ बाइट, झाले ४.८ जीबी, आणि प्रत्यक्षात ते त्याहून जास्त रकाने साठवतं. फ्रिक्वेन्सी मॅप (कुठल्या जागेवरच्या कणाची ट्यून किती हे दाखवणारं चित्र) करायचा असेल तरच, तोही थोड्या फेऱ्यांचा, त्यातून ट्यून काढायला वेगळं पॅकेज लागतं. खरं तर कमी ताकदीच्या लॅपटॉपला जोड्यांची युक्ती सगळ्यात भारी, दोन कण अगदी केसाच्याही अंतरानं नव्हे, त्याहून जवळ सुरू करायचे आणि त्यांच्यातलं अंतर कसं वाढतं ते बघायचं. सरळ रेषेत वाढलं तर ठीक, घातांकी वाढलं तर तो भाग केऑटिक, कण आज जिवंत दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

ग्राफिक कार्डबद्दल पोरं फार उड्या मारतात. एक्स-सूट जीपीयूवर चालतं हे खरं, आणि हजारो कण एकदम असतील तर फायदा दिसतोही. पण हे सगळं गणित डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे १६ अंकांच्या अचूकतेनं) चालतं आणि गेमिंगच्या किंवा गूगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या टी-४ सारख्या कार्डाची डबल प्रिसिजनची ताकद सिंगलच्या ३२ व्या भागाएवढीच किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळं निव्वळ यासाठी महागडा गेमिंग लॅपटॉप घेऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे. प्रोसेसरचे सगळे कोअर वापरायची सोय आहे, आधी ती चालू करा.

बीम स्टॅबिलिटीकडं वळलं की विषय जड होतो. आत्तापर्यंतचे कण एकमेकांना ओळखत नव्हते, आता गुच्छातला पुढचा कण भिंतीवर जे फील्ड सोडतो ते मागच्याला ढकलतं आणि सगळा गुच्छ मिळून डोलायला लागतो. तो आवरायला एलएचसीत ऑक्टुपोल चुंबक लावतात, त्यानं प्रत्येक कणाची ट्यून थोडी वेगळी होते आणि एकत्र डोलणं मोडतं, याला लँडाऊ डॅम्पिंग म्हणतात. शिवाय क्रोमॅटिसिटीही वाढवून ठेवावी लागते. आणि हीच दोन्ही औषधं डायनॅमिक अपर्चर खातात! एकत्र स्थिरता हवी तर एकट्या कणाची जागा कमी होते. ही ओढाताण एकाच लाइनवर, एकाच स्क्रिप्टमध्ये, ऑक्टुपोल वाढवत वाढवत दोन्ही बाजूंनी बघता येणं हे मला एक्स-सूटचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. पूर्ण वेकफील्ड (भिंतीवर सोडलेलं ते फील्ड) आणि स्पेस चार्जची (कणांच्या चार्जची आपसातली ढकलाढकल) गणितं मात्र साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत, तिथं छोटं उदाहरण करून समजून घ्यायचं आणि थांबायचं.

बाकीचे पर्याय? मॅड-एक्स अजूनही ऑप्टिक्स शिकायला आणि मॅचिंगला (हवी ती ट्यून वगैरे मिळेपर्यंत चुंबक जुळवायला) उत्तम, पण त्याची स्वतःची भाषा शिकावी लागते. ॲक्सलरेटर टूलबॉक्स मूळ अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत मॅटलॅबसाठी लिहिलं गेलं, आता त्याचं पायथन रूपही आहे, फक्त इलेक्ट्रॉन रिंगच करायच्या असतील तर ते हलकं पडतं. अमेरिकेतल्याच अर्गोन प्रयोगशाळेचं एलिगंट ताकदवान आहे, पण नवख्या पोराला त्याची फाइल पद्धत जड जाते.

राहिलेला पाव मार्क कागदपत्रांसाठी. माहिती भरपूर दिलीय, पण उदाहरणं जास्त करून सर्नच्याच मशीनची, लहान इलेक्ट्रॉन रिंगवाल्याला शोधत बसावं लागतं. बदलही पटापट होतात, त्यामुळं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये व्हर्जन नंबर लिहायला लावतो मी, आणि त्याच पानावर फेऱ्या किती, कोन किती, सीड किती, ऊर्जेचा फरक किती धरला हेही. नुसतं "डायनॅमिक अपर्चर १५ मिलिमीटर" असं लिहिलेला रिपोर्ट मी परत देतो.

लॅपटॉपचं विचाराल तर ८ जीबी रॅमवर शिकण्यापुरतं सगळं चालतं, १६ असेल तर बरं. आणि खाली पंखा ठेवा, मे महिन्यात फार तापतोय.